मोजणीस गेलेल्या मुलीस

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू गेल्याला आज सहा आठवडे झाले. गेल्या रविवारी फोनवर माझा आवाज चढला आणि तू “बाबा, ठेवते मी” म्हणून फोन ठेवलास, त्यानंतर आपले धड बोलणे झालेले नाही. आईशी तू बोलतेस, ती मला सगळे सांगते, आणि मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत असतो हे तुलाही ठाऊक असेल. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, दोन ओळींचा मेसेज पाठवा आणि मोकळे व्हा, असे आईचे म्हणणे आहे. पण तोंडाने बोलताना मला नेमके शब्द सापडत नाहीत आणि जे सापडतात ते कडक असतात. टेबलाशी कागद घेऊन बसले की हात सावकाश चालतो आणि त्यामुळे डोकेही जरा सावकाश चालते. दादा या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षर लागले नाही तर त्याला विचार, मला विचारू नकोस, कारण मग मी पुन्हा समजावून सांगू लागेन.

ज्या वाक्यावरून आपले बिनसले ते वाक्य या पत्रात काढायचे नाही असे मी ठरवले आहे. तू तिकडे कॅनडात ज्या रस्त्यावर भाड्याने राहतेस, त्या रस्त्याला २०२२ पर्यंत ज्या माणसाचे नाव होते, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. “आपल्यातलाच होता बाबा, सर्व्हेअर होता,” असे तू कौतुकाने सांगितलेस, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. तू पाठवलेली पाने दादाने छापून आणली, आणखी काही त्याने शोधून दिली, आणि मी शब्दकोश उशाशी ठेवून आठवडाभर तेवढेच वाचत होतो. कचेरीत असताना गुंतागुंतीचे प्रकरण आले की मी त्याचे मूळ टिपण काढून पहिल्या पानापासून वाचायला बसत असे, तसाच बसलो.

जोसेफ विल्यम ट्रच १८२६ साली इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात जन्मला. वडिलांची जमैका बेटावर जमीनजुमला आणि कोर्टातली नोकरी होती, आई त्याच बेटावरची, त्यामुळे त्याचे लहानपण उसाच्या मळ्यांच्या मुलखात गेले. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने उठली ते साल १८३४, आणि त्याच साली हे कुटुंब इंग्लंडला परतले. पुढे सर जॉन रेनी या नावाजलेल्या एंजिनिअरच्या हाताखाली तो काम शिकला, रेल्वेच्या कामांवर राहिला, आणि १८४९ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाक उठली तेव्हा तेवीस वर्षांचा हा मुलगा समुद्र ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. सोन्याने त्याचे पोट भरले नाही, मोजणीच्या साखळीने भरले. ओरेगॉनमध्ये सरकारी सर्व्हेअर जनरल प्रेस्टन याचा तो साहाय्यक झाला, प्रेस्टनच्या मेहुणीशी, ज्युलिया हाइडशी, त्याने १८५५ साली लग्न केले, मग इलिनॉयमध्ये कालव्याचे काम केले, आणि १८५९ साली ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे आता तू राहतेस त्या मुलखात, आला.

इथपर्यंत हा माणूस मला मनापासून आवडला, हे तुला सांगितलेच पाहिजे. वाडवडिलांच्या ओळखीपाळखी जिथे नाहीत अशा मुलखात जायचे, हातात यंत्र घ्यायचे, डोंगरात पाय मोडेस्तोवर चालायचे आणि आपल्या अचूकपणावर मान मिळवायचा, यात काय वाईट आहे? तुझ्या आईने विमानतळावर डोळे पुसले तेव्हा मी तिला हेच म्हणालो होतो. आपल्या घरातली मुलगी मोजणीचे काम करायला समुद्रापलीकडे गेली, हे मी बँकेत सांगतो, दवाखान्यात सांगतो, दूध घालणाऱ्यालाही सांगून झाले आहे. ज्या कचेरीत मी तेहतीस वर्षे काढली तिथल्या नव्या पोरांना परवा तुझा तो फोटो दाखवला, ज्यात तू पिवळे जाकीट घालून रोव्हरची मोजणीकाठी धरून उभी आहेस आणि मागे धुक्यात झाडे आहेत. एक जण म्हणाला, “साहेब, ताईंनी काठी अगदी ओळंब्यात धरलीय.” मला किती बरे वाटले ते लिहिता येत नाही.

तुला ती टिटवी आठवते का? तू नऊ वर्षांची होतीस, मे महिन्याची सुट्टी होती, आणि आई मावशीकडे गेल्यामुळे मी तुला मोजणीला बरोबर नेले होते. तुझ्या हातात झेंडी दिली आणि बुरुजाच्या दगडाजवळ उभे राहायला सांगितले. मोजणीच्या फलकावरून पाहतो तर झेंडी दोन हात बाजूला. मी ओरडलो, चेनमन ओरडला, लगतचे शेतकरी हसू लागले, पण तू हलेनास. जवळ आलो तर ढेकळांच्या खळग्यात टिटवीची चार अंडी होती, मातीच्या रंगाची, दाखवल्याशिवाय दिसली नसती अशी, आणि टिटवी आमच्या डोक्यावर कलकलाट करत घिरट्या घालत होती. “रेघ हिच्यावरून जाते, बाबा,” एवढेच तू म्हणालीस. त्या दिवशी मी सरळ साखळी न टाकता बाजूने काढली आणि दोन लंब, म्हणजे साखळीपासूनची आडवी मापे, जास्तीचे घेतले. टिपणात ते लंब आजही असतील. का घेतले हे कोणी विचारले नाही आणि मीही लिहून ठेवले नाही.

आता ट्रचकडे येतो. त्याने फ्रेझर नदीच्या खोऱ्यात मोजणीचे आणि रस्त्याचे ठेके घेतले. खाणींकडे जाणारी कॅरिबू वाट त्या नदीच्या घळईतून काढताना एका ठिकाणी नदी ओलांडणे भाग होते, तिथे त्याने १८६३ साली अलेक्झांड्रा नावाचा झुलता पूल उभा केला. त्याला पंचेचाळीस हजार डॉलर लागले आणि त्याच्या बदल्यात सात वर्षे टोल घेण्याचा हक्क त्याला मिळाला. खालून ती नदी कशी घोंघावत जाते ते तू मला व्हिडिओत दाखवले आहेस. पुढे १८९४ च्या पुरात त्या पुलाचे नुकसान झाले, आणि १९२६ साली नवा पूल बांधणाऱ्यांनी त्याच्याच जुन्या पायांचा आधार घेतला. ज्याचे पाये त्रेसष्ट वर्षांनी दुसऱ्याला वापरावेसे वाटतात तो कारागीर कच्चा नव्हता. त्याच्या कामात खोट काढता येत नाही. मला जी भीती वाटते ती इथूनच सुरू होते, मनू. कामात खोट नसलेल्या माणसाला कोणी अडवत नाही.

पूल होण्याआधीच, १८६१ साली, तो व्हँकूव्हर बेटाच्या विधिमंडळावर निवडून गेला होता. १८६४ साली तो ब्रिटिश कोलंबियाच्या जमीन आणि बांधकाम खात्याचा मुख्य कमिशनर झाला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर काल साखळी ओढणारा मनुष्य आज जमाबंदीही पाहू लागला आणि बांधकामही.

त्याच्या आधी जेम्स डग्लस नावाचा गव्हर्नर होता. तू राहतेस त्या भागातल्या मूळ लोकांशी १८५० मध्ये जमिनीचे करार याच डग्लसने केले. बेटावर असे चौदा करार झाले, मग पैसे नव्हते म्हणून म्हण की इच्छा उरली नाही म्हणून म्हण, ते थांबले. तरी मुख्य भूमीवर राखीव जमिनी आखताना त्याने एक पद्धत ठेवली होती. लोकांनी आपली गावठाणे, शेते, मासेमारीच्या जागा आणि स्मशाने स्वतः दाखवायची, आणि ते दाखवतील तशा खुणा रोवायच्या. त्यांनी मागितलेली जमीन कुटुंबामागे दहा एकरांपेक्षा कमी भरली तर ती वाढवून दहा करायची. १८६४ साली मॅकॉल नावाचा सर्व्हेअर खालच्या फ्रेझर खोऱ्यात स्टोलो लोकांच्या मुलखात फिरला आणि त्याने या हुकमाप्रमाणे खुंट्या रोवल्या. म्हणजे लगतधारकाला समक्ष उभे करून, त्याच्या सांगण्याप्रमाणे हद्द कायम करण्याची आपली जी रीत आहे, तीच ती.

ट्रचने खात्याची सूत्रे हातात घेतल्यावर हे काम चुकीचे ठरवले. मॅकॉलला मिळालेल्या हुकमाचा काही भाग तोंडी होता, त्याला कागद नव्हता, आणि सर्व्हेअरने हुकमाचा अर्थच भलता लावला, असे त्याने म्हटले. या लोकांचा त्या जमिनींवर खरा असा हक्कच नाही आणि त्यांना त्या जमिनींचा उपयोगही नाही, असा अहवाल त्याने १८६७ साली दिला. त्यानंतर दुसरा सर्व्हेअर पाठवून त्याच जमिनी पुन्हा मोजून घेतल्या आणि कापल्या. डग्लसचा दहाचा आकडा त्याने फेकून दिला नाही. तोच आकडा ठेवला. फक्त जे कमीत कमी होते ते जास्तीत जास्त करून टाकले.

मी हे वाचून पाने बाजूला ठेवली आणि अंगणात जाऊन बसलो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. गुंठा म्हणजे आपली तेहतीस फुटी शंकूसाखळी उभी एकदा आणि आडवी एकदा, जे तू पहिलीत असताना मी तुझ्याकडून पाठ करून घेतले होते. दहा एकर म्हणजे चारशे गुंठे, एका कुटुंबाला, ज्या कुटुंबाची शिकार डोंगरात, मासे नदीत आणि कंदमुळे रानात. त्याच काळात बाहेरून आलेला गोरा मनुष्य अर्ज करून एकशे साठ एकर धरू शकत होता, पुढे डोंगरापलीकडे तीनशे वीस. आणि मूळ लोकांना अशी जमीन धरायची असेल तर १८६६ पासून गव्हर्नरची लेखी परवानगी हवी. एकच कचेरी, एकच साखळी, एकच नकाशा, आणि माणूस बघून आकडा.

त्याने १८५० साली ओरेगॉनहून घरी पत्र लिहिले होते. त्यात तिथल्या मूळ लोकांविषयी त्याने जे लिहिले आहे ते मला मराठीत उतरवायचे नाही. आपण आपल्या कुत्र्यांना जेवढे घाबरू तेवढेच यांना, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. तूही चोवीस वर्षांची आहेस. ते पत्र इंग्लंडातल्या घरी पोचले असेल, दिव्याखाली कोणीतरी मोठ्याने वाचले असेल, पोरगा सुखरूप आहे म्हणून सगळ्यांना बरे वाटले असेल. त्याच्या आईने किंवा बापाने उलट टपाली एवढे लिहिले असते का, की बाळ, तू ज्यांच्या मुलखात साखळी टाकतो आहेस त्यांच्याविषयी असे लिहू नये? मला तीन रात्री हेच सुचत होते. तू तसे कधी लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझी गाठ त्याच्याशी घालतो आहे असे समजू नकोस. पण तू रविवारी म्हणालीस, “आमचे काम रेघ मारायचे, बाबा, आत कोण आहे ते वकील आणि सरकार बघतील.”

हे वाक्य काढायचे नाही असे ठरवले होते आणि काढले. राग मानू नकोस. तुझ्या कामाचा भाग सहा आठवड्यांत तुला जेवढा दिसला त्यावरून तू बोललीस, आणि कामाच्या शिस्तीच्या दृष्टीने त्यात चूकही नाही. सर्व्हेअरने न्यायाधीश होऊ नये, हे मीच तुला शिकवले. मला त्याचा एवढा त्रास का झाला ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आईलासुद्धा मी हे पुरते सांगितलेले नाही.

तुझ्या जन्माच्या चार वर्षे आधी माझी बदली धरणग्रस्तांना लाभक्षेत्रात जमीन देण्याच्या मोजणीवर झाली होती. कुठले धरण ते लिहीत नाही. तुझ्या आजोळचे अर्धे गावही पाण्याखाली गेले आहे, त्यामुळे घरात हा विषय निघाला की सगळेच गप्प होतात. एका गटाचे पोटहिस्से पाडत होतो. दिवस मावळत आला होता, कोतवालाला घरी जायचे होते, वरून निकड होती की महिनाअखेर सगळ्या क प्रती, म्हणजे मोजणीच्या नकाशांच्या प्रती, तयार हव्यात. एक म्हातारी बांधावर आली. पायांत चपला नव्हत्या, हातात ॲल्युमिनियमचा डबा होता. नव्या गावात तिच्या मुलाला जो तुकडा मिळणार होता त्याच्या कडेला एक जुनी पडकी विहीर होती, आणि माझी रेघ विहिरीच्या अलीकडून जात होती. तिचे म्हणणे एवढेच होते की रेघ तीन गुंठे पलीकडे घ्या, आम्ही विहीर उपसून घेऊ, त्या बाजूचा माणूस तयार आहे, हवे तर त्याला बोलावते. तो माणूस खरोखरच दूर उभा होता आणि मान हलवत होता. मी नकाशावरून वर न पाहता म्हणालो, “आजी, माझे काम रेघ मारायचे. बाकीचे कचेरीत सांगा.”

तिला कचेरी कुठे आहे हे माहीत नव्हते. मी एक अर्ज घेऊ शकलो असतो, दोघांचा जबाब घेऊ शकलो असतो, निदान टिपणाच्या कडेला शेरा मारू शकलो असतो की समक्ष हरकत घेतली. यातले काहीही करायला पाच मिनिटे लागली असती. मी खुंटी रोवली. ती काही बोलली नाही. डबा उघडून तिने चेनमनला आणि मला भाकरीचा एकेक चतकोर दिला, कारण आम्ही दुपारपासून उपाशी आहोत हे तिने कोणाकडून तरी ऐकले होते. मी तो खाल्ला.

म्हणून रविवारी माझा आवाज चढला. तो तुझ्यावर चढला नव्हता.

ट्रचचे पुढचे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तू त्याला केवळ एक खडूस अधिकारी समजशील, आणि तो तेवढाच नव्हता. १८७० साली ब्रिटिश कोलंबियाने कॅनडात सामील व्हायचे ठरवले तेव्हा अटी ठरवायला जे तिघे राजधानीला, ओटावाला गेले त्यांत हेल्मकेन आणि कॅरल यांच्याबरोबर हा होता. गाडीरस्ता मागायला गेलेली ही माणसे दहा वर्षांत रेल्वे बांधून देण्याचे वचन घेऊन आली. पंतप्रधान मॅक्डॉनल्ड आजारी होता, त्याचा मंत्री कार्टिए बोलणी करत होता, आणि यांनी जे मिळवले त्याने एक अख्खा प्रांत देशाला जोडला गेला. दहा वर्षांचे वचन पाळले गेले नाही, भांडणे झाली, शेवटचा खिळा ठोकला गेला तो १८८५ च्या नोव्हेंबरात. पण आज त्या देशाचा नकाशा दोन समुद्रांना टेकलेला दिसतो त्यात या माणसाचा हात आहे. २० जुलै १८७१ रोजी प्रांत सामील झाला आणि ट्रच त्याचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला. नुसती साखळी घेऊन आलेला मनुष्य बारा वर्षांत राणीचा प्रतिनिधी होऊन बसला. एखाद्या बापाला यापेक्षा जास्त काय हवे असते?

आणि त्याच अटींमध्ये तेरावे कलम होते. मूळ लोकांच्या जमिनींबाबत ब्रिटिश कोलंबियाने आजवर जे उदार धोरण ठेवले तितकेच उदार धोरण पुढेही चालवावे, असे त्यात लिहिले. उदार हा शब्द मी शब्दकोशात दोनदा पाहिला, मला वाटले माझाच अर्थ चुकत असेल. ओटावातल्या लोकांना दहा एकरांची गोष्ट कळलेली नव्हती. कळल्यावर त्यांनी कुटुंबामागे ऐंशी एकर सुचवले, आणि प्रांत दहावरून हट्टाने वीसपर्यंत आला. डग्लसच्या करारांबद्दलही, ते जमिनीचे मोल नव्हते, लोकांशी सलोखा राहावा म्हणून दिलेल्या भेटी होत्या, असे ट्रचने लिहून ठेवले. मूळ लोकांच्या हक्कांचे मोल आम्ही कधी दिले नाही आणि त्यांची तशी अपेक्षाही नाही, असे त्याने मॅक्डॉनल्डला कळवले. अपेक्षा नाही, हे त्याने कोणाला विचारून लिहिले? १८७४ साली खालच्या फ्रेझरच्या मुखियांनी अर्ज दिला, की आम्हाला ठेवलेली जमीन फार थोडी आहे, आम्ही वर्षानुवर्षे हेच सांगतो आहोत, कुटुंबामागे ऐंशी एकर द्या. त्यांना कचेरी कुठे आहे हे माहीत होते, मनू. त्यांनी लेखी अर्ज दिला होता. पुढे १८८० पासून राखीव जमिनी ठरवण्याचे काम ट्रचच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, पीटर ओरायलीकडे आले आणि अठरा वर्षे राहिले.

मी हे सगळे लिहितो तेव्हा आपल्याकडचे सगळे सोवळे होते असे मला म्हणायचे नाही. आपली मोजणीही इंग्रजांनीच बसवली. पुणे भागात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी इतकी चुकली की सारा भरता येईना आणि माणसे गावे सोडून गेली. मग १८३५-३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजले आणि आकार खाली आणला. मला नोकरीत हे प्रशिक्षणात शिकवले होते तेव्हा मी फक्त साले पाठ केली. आता वाटते, चुकलेली मोजणी कोणीतरी पुन्हा उघडली आणि कमी केली, हे केवढे मोठे काम होते. ट्रचनेही मोजणी पुन्हा उघडली होती. कोणाच्या बाजूने उघडली एवढाच फरक.

पुन्हा व्याख्यान झाले. आई दोनदा डोकावून गेली आणि म्हणाली, पोरीला जेवणाचे विचारा, थंडीचे विचारा. तेव्हा विचारतो. हीटर नीट चालतो का? घरमालकीण जिना चढताना दिवा लावू देते का? तुझी ती खोकल्याची उबळ पुन्हा आली होती का? खरे सांग. आईने मेतकूट आणि कुळथाचे पीठ दादाच्या मित्राबरोबर पाठवले आहे, तो बाविसाव्या तारखेला पोचेल. कानटोपी घालत जा, यंत्राशेजारी तासन् तास उभे राहिले की थंडी कानातून शिरते, हे मी अनुभवाने सांगतो आहे.

ट्रचला १८८९ साली सर ही पदवी मिळाली. नंतर तो सॉमरसेटला परत गेला आणि १९०४ साली तिथेच वारला. जन्मला त्याच परगण्यात गेला. ज्या मुलखाचा त्याने तुकडा तुकडा ठरवला, तिथे तो शेवटी राहिला नाही, आणि ज्यांना त्याने दहा एकरांत बसवले ते आजही तिथेच आहेत. निस्गा लोकांच्या दाव्यात १९७३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की मूळ लोकांचा जमिनीवरचा हक्क ही कायद्यातली खरी गोष्ट आहे. ट्रचने तो हक्क नाही म्हणून अहवाल दिला त्याला तेव्हा एकशे सहा वर्षे झाली होती. तुझ्या रस्त्याची पाटी बदलायला आणखी एकोणपन्नास वर्षे लागली. नव्या पाटीवर लेक्वंगन भाषेतला जो शब्द आहे त्याचा अर्थ सत्य असा आहे, हे तूच मला सांगितलेस. तो उच्चारायचा कसा, ते तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून शिकून घे आणि मला फोनवर म्हणून दाखव.

तू तिथे राहावेस की परत यावेस, याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझ्या मनात तिथे कायमचे राहायचे आहे, हे तू न सांगता मला कळले आहे. तू तीन वर्षांचा भाडेकरार विचारत होतीस. राहा. तिथले नागरिकत्व घेतलेस तरी माझा आशीर्वादच आहे, आणि उद्या तिथल्या लोकांनी तुला कुठे निवडून दिले तर मी सगळ्या गल्लीला पेढे वाटीन. मला भीती तू दूर गेल्याची वाटत नाही, निदान तेवढ्याची वाटत नाही. तू हुशार आहेस, तुझे काम चोख आहे, तुझे वरिष्ठ तुझ्यावर खूश आहेत आणि आणखी होतील. तुला कोणी अडवणार नाही. ज्या दिवशी बांधावर एखादा मनुष्य येऊन उभा राहील आणि तुझ्या यंत्रात त्याची जागा सेंटिमीटरपर्यंत बरोबर दिसत असेल, त्या दिवशी तू पडद्यावरून वर पाहशील ना? नऊ वर्षांची होतीस तेव्हा पाहिले होतेस. मी पाहिले नव्हते.

पुन्हा तेच लिहिले. आता खरोखर लिहीत नाही.

सुट्टी मिळाली की अलेक्झांड्रा पुलावर जाऊन ये. खालचे दगडी पाये १८६३ चे आहेत, त्यांचे जवळून फोटो काढ, सांधे कसे भरले आहेत ते मला पाहायचे आहे. पाण्याच्या फार जवळ जाऊ नकोस, दगड निसरडे असतील.

रविवारी फोन कर. मी आवाज खाली ठेवीन.

तुझा,
बाबा

ता. क. परवाच्या एसटीने मी त्या नव्या गावी जाऊन येणार आहे. दादा गाडीने सोडतो म्हणाला, पण मला एकट्याने जायचे आहे. म्हातारी आता असणार नाही. तिचा मुलगा माझ्याच वयाचा होता, तो असला तर भेटेन. विहीर उपसली, बुजवली की तशीच पडून आहे, ते पाहून तुला कळवतो. मोजणीचा अर्ज कसा करायचा ते त्यांना अजून कोणी सांगितले नसेल तर कोरा नमुना बरोबर घेतला आहे.